मदत हवी आहे: दर गुरुवारी पार्किंगमध्ये बसून समुपदेशन घेतोय, बायकोला कसं सांगू?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, लिहितोय पहिल्यांदाच. त्यासाठी नवा आयडी काढलाय, जुन्यावर मेहुणा ओळखतो.

वय ३८, नाशिक, सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. गेल्या वर्षी वडील बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आईवडील आमच्याकडेच. घर दोन खोल्यांचं. माझी शिफ्ट बदलती, बायको शाळेत. कुणाचंच चुकत नाही आणि रोज काहीतरी बिनसतं. भांडण असं होत नाही आमच्याकडे, अबोला होतो. मागचा अकरा दिवस चालला. लेक आठ वर्षांची. "बाबांना सांग, पान वाढलंय." मी दोन हातांवर बसलेलो असतो आणि ती बिचारी खरंच येऊन सांगते.

झोप गेली, छातीत धडधडायला लागलं. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, कुणाशी तरी बोला. एका अ‍ॅपवरून थेरपिस्ट मिळाल्या, दिल्लीच्या आहेत. पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये. पाच सेशन झाली. घरात बोलायला जागा नाही म्हणून रात्री नऊला खाली गाडीत बसतो, काचा वर करून. दुसऱ्याच वेळी वॉचमनने काचेवर टकटक केलं, "साहेब, बरं वाटत नाही का?"

फायदा होतोय, खोटं कशाला बोलू. त्यांनी एक वही करायला लावलीय: काय घडलं, मनात काय आलं, मग मी काय केलं. पहिल्यांदा पोरखेळ वाटला. पण लिहिताना दिसलं की बायकोने ताट जरा जोरात ठेवलं तरी मी थेट "हिला माझे आईवडील नकोत" इथवर पोचतो. मध्ये एकही पायरी नाही.

अडचण एक, भाषेची. बोलणं हिंदीत. अबोला म्हणजे काय हे सांगताना माझी दमछाक झाली. त्या म्हणाल्या, सायलेंट ट्रीटमेंट? आता अबोल्यातही आमच्याकडे डबा मिळतो, लिंबाचं लोणचं वेगळ्या डबीत घालून. हे त्यात कसं बसवायचं?

अडचण दोन, खरी. बायकोला सांगितलेलं नाही. खातं जॉइंट, मेसेज तिच्याही मोबाइलवर जातो. मागच्या गुरुवारी तिने विचारलं, "दर आठवड्याला बाराशे कुणाला जातात?" नाव बाईचं. मी म्हणालो, कंपनीचं ट्रेनिंग आहे. ती म्हणाली, "आणि ते गाडीत बसून घेता?" त्यानंतर पुन्हा अबोला सुरू.

थेरपिस्ट म्हणतात, सांगा, पण तुमच्या गतीने. कसं सांगू? आणि तिलाही याच बाईंकडे नेलं तर चालेल का?

प्रतिसाद १ (कटिंगचहा)
भाऊ, तुमच्या गतीने गेलात तर घटस्फोट आधी पोचेल. आज रात्रीच सांगा. आणि आयडी बदलून उपयोग नाही, पार्किंग आणि खुबा वाचून मेहुणा ओळखणार.

प्रतिसाद २ (ओसरी)
मी याच क्षेत्रात काम करते, म्हणून थोडं सविस्तर.

दोघांसाठी याच बाई नकोत. त्यांनी पाच सेशन फक्त तुमची बाजू ऐकलीय. तुमची पत्नी समोर बसली की ती पाहुणी आणि तुम्ही यजमान. जोडप्यासाठी तिसरी व्यक्ती शोधा, तुमचं हे वेगळं चालू ठेवा. बाईंना विचारलंत तर त्याही बहुधा हेच सांगतील.

त्यांची पात्रता पाहिलीत का? 'थेरपिस्ट', 'कोच' ही नावं कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो. सरळ मागा, यात अपमान नाही. औषध लागलंच तर ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतील, मानसशास्त्रज्ञ नाही. झोप इतकी गेली असेल तर एकदा त्यांनाही भेटा.

मराठीतच बोलायचं असेल तर ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची जुनी संस्था आहे, तिथे चौकशी करा. अगदी रात्री-बेरात्री जीव घाबरला तर १४४१६, सरकारी टेली-मानस हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. फक्त ती नियमित थेरपीची जागा नव्हे.

आणि ते लोणच्याचं जसंच्या तसं बाईंना सांगा. शब्द नाही सापडला तरी चालेल, डबी सांगा.

प्रतिसाद ३ (उंबरठा)
बायकोच्या बाजूने लिहिते. माझ्या नवऱ्याने असंच लपवलं होतं. थेरपीचं काही वाटलं नाही. परक्या बाईला जे सांगता आलं ते मला का नाही, याचं वाटलं. तिला आधी "ट्रेनिंग खोटं होतं" एवढंच सांगा. कारणं नंतर. वही दाखवायची घाई करू नका, त्यात तिचं ताट आहे.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. काल सांगितलं. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलो होतो दोघं, तिथेच. उंबरठा ताई, तुम्ही म्हणालात त्याच वाक्याने सुरुवात केली.

ती बराच वेळ चिमटे गोळा करत होती. मग म्हणाली, "मला वाटलं दुसरं काही आहे." आणि थोड्या वेळाने, "गुरुवारी वरच बसा. मी हिला घेऊन खाली जाते, आईंना टीव्हीचा आवाज वाढवायला सांगते."

तिथे काय बोलता, हे मात्र विचारलं नाही. विचारेल असं वाटलं होतं.

जोडप्यासाठी समोरासमोर भेटणारं, मराठी बोलणारं नाशिकमध्ये कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल, रविवारी वडिलांचे फिजिओवाले येतात.