फेअरी क्वीन आणि बोरीबंदरची पहिली गाडी
१८५३ ची बोरीबंदर–ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी ‘फेअरी क्वीन’ या वाफेच्या इंजिनाने ओढली असे म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. हे इंजिन १८५५ साली इंग्लंडमधील लीड्स येथे घडले, ते ईस्ट इंडियन रेल्वेसाठी, आणि आधी बंगालात हावडा–राणीगंज मार्गावर टपालगाड्या ओढत, पुढे बिहारमध्ये लोहमार्ग बांधणीच्या कामावर, असे ते १९०९ पर्यंत राबले. पहिल्या गाडीला जोडलेली साहिब, सिंध व सुलतान ही इंजिने निराळी.

दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ते पाहताना (पुण्याहून मुद्दाम गेलो होतो) मी चाकांपाशी बराच वेळ थांबलो. वाफेचा जोर मधल्या एकाच मोठ्या जोडीला मिळतो. पुढची-मागची चाके केवळ भार वाहतात. सपाट बंगालात ते पुरेसे होते, पण आपल्या बोरघाटात अशा इंजिनाची चाके जागीच घसरली असती.