बायकांची 'फ्रॅटर्नल' संस्था: मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

एका लेखाचे भाषांतर करते आहे. विषय आहे अमेरिकेतली 'डॉटर्स ऑफ स्कोशिया' ही संस्था. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कनेक्टिकट राज्यात ती सुरू झाली. सभासद म्हणजे स्कॉटिश जन्माच्या किंवा वंशाच्या स्त्रिया. मूळ मजकूर तिला 'विमेन्स फ्रॅटर्नल सोसायटी' म्हणतो. शब्दकोशात फ्रॅटर्नलला 'बंधुभावाचा', 'भ्रातृवत्' असे प्रतिशब्द आहेत. 'स्त्रियांची बंधुभाव संस्था' असे लिहिले तर वाचणारा पहिल्याच ओळीत अडखळेल. 'भगिनी मंडळ' चालेल का? आणि त्यांच्या शाखेला 'लॉज', अध्यक्षेला 'चीफ डॉटर' म्हणतात, त्यांचे काय करू?

प्रतिसाद

ताई, भगिनी मंडळच लिहा. मुंबईत १९१६पासून 'भगिनी समाज' आहे, पुण्यात त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, पंडिता रमाबाईंनी 'आर्य महिला समाज' काढला. आपल्याकडे रुळलेली नावे असताना नवा शब्द घडवायला कशाला बसायचे?

प्रतिसाद

मला भगिनी मंडळ पटत नाही. ते वाचले की हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, वर्षाची सहल असेच चित्र उभे राहते. मंडळे तेवढीच करतात असे नाही, पण वाचकाच्या मनात ते येतेच. आणि फ्रॅटर्नल सोसायटी हा अमेरिकेत एक ठरावीक प्रकार आहे. १८६८ साली पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावात रेल्वेच्या कामगारांमधून 'एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन' उभी राहिली. एखादा सभासद वारला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर काढायचा आणि ती रक्कम त्याच्या घरच्यांच्या हातात द्यायची. तेव्हा विमा कंपनीचा हप्ता हातावर पोट असलेल्याच्या आवाक्यात नव्हता. या पद्धतीने मग शेकडो संस्था निघाल्या. १८७८ साली सेंट लुईसमध्ये निघालेली 'ऑर्डर ऑफ स्कॉटिश क्लॅन्स' ही स्कॉटिश पुरुषांची संस्था त्यातलीच. दीक्षाविधी, पदे, गुप्त खुणा हे सगळे तिथे असे, पण मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारा आधार हा मोठा भाग होता.

म्हणून आधी मूळ मजकूर नीट बघा. त्यात आजारपणाची, अंत्यविधीची किंवा विम्याची मदत आली असेल, तर 'परस्परसाहाय्य' हा शब्द वर्णनात यायलाच हवा. नुसते गाणी, नाच, स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीचे जेवण एवढेच असेल, तर 'स्नेहमंडळ' पुरे.

आता बायका आणि 'फ्रॅटर'. ही अडचण खुद्द इंग्रजीलाही आली होती. अमेरिकन कॉलेजांतल्या मुलींनी पहिल्या संघटना काढल्या, तेव्हा त्यांना 'फ्रॅटर्निटी'च म्हटले जाई, कारण दुसरा शब्दच नव्हता. 'सोरोरिटी' हा शब्द १८८२ साली सिराक्यूज विद्यापीठातल्या फ्रँक स्मॉली या लॅटिनच्या प्राध्यापकाने सुचवला. लॅटिन 'सोरोर' म्हणजे बहीण, आपली संस्कृतातली 'स्वसृ', आणि 'फ्रॅटर' म्हणजे भाऊ, 'भ्रातृ'. पण सोरोरिटी कॉलेजच्या आवारातच राहिली. गावातल्या, विवाहित, नोकरी-घर सांभाळणाऱ्या बायकांच्या संस्था फ्रॅटर्नलच राहिल्या. त्यामुळे इथे 'भाऊ' शोधू नका. शब्दाचा लिंगभाव केव्हाच विरला आहे.

आणि आपण तरी वेगळे काय करतो? खानदेशात, पुण्या-मुंबईत ज्ञातीची 'भ्रातृमंडळे' आहेत, आणि त्यांच्या पाटीवर खाली लिहिलेले असते 'महिला शाखा'. कुणी अडखळत नाही.

प्रतिसाद

'बंधुता' सोडून देऊ नका. भ्रातृ म्हणजे फक्त भाऊ, पण बंधू हा 'बंध्' धातूतून आलेला, म्हणजे बांधला गेलेला, नातलग. मराठीत पुढे तो भावापुरता झाला. संविधानाच्या उद्देशिकेत 'फ्रॅटर्निटी'ला बंधुता आहे, आणि ती बायकांना वगळून कुणी वाचत नाही. फक्त 'भाऊबंद' जवळही आणू नका. भाऊबंदकी म्हटले की बांधावरची भांडणे आणि कोर्टाच्या तारखा!

प्रतिसाद

'डॉटर्स'बद्दल लिहितो, कारण सगळ्यात गोड भाग तो आहे आणि त्याकडे कुणी बघितले नाही. 'क्लॅन' म्हणजे स्कॉटिश कुळ. हा शब्द गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतल्या 'क्लान' वरून आला, आणि त्याचा अर्थ मुळात 'संतती, लेकरे'. आपण कुळ म्हणतो तेव्हा मूळपुरुषाकडे बघतो, ते लेकरांकडे बघतात. आडनावातला 'मॅक' म्हणजे मुलगा हे बहुतेकांना ठाऊक असते. पण गेलिकमध्ये मुलीच्या आडनावाला मॅक लागत नाही, 'निक' लागतो. भाऊ 'मॅक', तर बहीण 'निक'. इंग्रजी कागदपत्रांत मात्र दोघे मॅकच झाले. अशा लोकांच्या बायकांनी आपल्या संस्थेला 'लेकी' म्हणावे, यात मला फार मोठा अर्थ दिसतो. म्हणून नावाचा अर्थ सांगताना 'कन्या' नको, 'स्कोशियाच्या लेकी' लिहा. कन्या शाळेच्या पाटीवर शोभते.

स्कोशिया हे स्कॉटलंडचे लॅटिन नाव, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातले. एकदा फोड करा, पुरे. आणि 'स्कॉच' कुठेही नको. जुन्या इंग्रजी मजकुरात लोकांनाही स्कॉच म्हटलेले सापडेल, पण आता तो शब्द व्हिस्कीपुरता आहे, आणि स्कॉटिश माणसाला तो खटकतो.

प्रतिसाद

'लॉज' तसाच ठेवलात तर मराठी वाचक एसटी स्टँडसमोरच्या 'लॉजिंग-बोर्डिंग'मध्ये जाऊन पोहोचेल. मुंबईत मात्र लॉज म्हणजे संस्थेची शाखा हा अर्थ जुना आहे. जेम्स बर्न्स या स्कॉटिश फ्रीमेसनने (फ्रीमेसन म्हणजे गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघटनेचा सभासद) १८४३ साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज काढले, भारतीयांना सभासद होता यावे म्हणून. पहिल्यांदा 'लॉज, म्हणजे स्थानिक शाखा' असे लिहा, नंतर सगळीकडे शाखा. 'ग्रँड लॉज'ला मध्यवर्ती शाखा.

मूळ प्रश्नकर्तीकडून

मनापासून आभार. मजकूर पुन्हा वाचला, त्यात मदतनिधीचा उल्लेख आहे. आता असे लिहिते आहे:

"डॉटर्स ऑफ स्कोशिया, म्हणजे 'स्कोशियाच्या लेकी', ही स्कॉटिश वंशाच्या स्त्रियांची परस्परसाहाय्य संस्था. बंधुतेच्या शपथेने बांधलेल्या अमेरिकन संस्थांच्या परंपरेतली."

'चीफ डॉटर'ला 'थोरली लेक' सुचते आहे. पण हे पद निवडणुकीने मिळते, वयाने नाही. 'प्रमुख लेक' कानाला बरे वाटत नाही. कुणाला दुसरे काही सुचते का?

प्रतिसाद

'थोरली'च ठेवा. थोरल्या जाऊबाईंचा मान वयापेक्षा नात्यावर ठरतो, मग वयाने धाकटी असली तरी ती थोरलीच. पहिल्या उल्लेखात 'थोरली लेक, म्हणजे निवडून आलेली अध्यक्षा' असे लिहिले की पुढे अडचण नाही.