जादुई वास्तववाद वाचताना प्रतीके शोधावीत का?

प्रश्न :
आजवर माझे वाचन सामाजिक कादंबऱ्या आणि चरित्रे यांपुरतेच होते. अलीकडे कोलंबियन लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांची १९६७ सालची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली आणि जादुई वास्तववादाने, म्हणजे रोजच्या वास्तवात अद्भुत घटना अगदी सहज घडल्यासारख्या सांगणाऱ्या या लेखनशैलीने, मला झपाटून टाकले. रेमेदिओस ही रूपवान तरुणी बागेत चादरींच्या घड्या घालता घालता त्या चादरींसकट आकाशात निघून जाते आणि घरातली फेर्नांदा आपल्या चादरी परत मिळाव्यात म्हणून देवाची प्रार्थना करत राहते, हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला. अशा प्रत्येक घटनेमागे एखादे प्रतीक शोधायचे असते का? आणि यापुढे काय वाचावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ :
प्रतीकांच्या मागे लागू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तुम्ही निवडलेला प्रसंगच पाहा. रेमेदिओस वर गेली याचा फेर्नांदाला हेवा वाटतो, शेवटी ती तो चमत्कार मान्यही करते, पण चादरींवरचा तिचा जीव काही सुटत नाही. आणि तिच्या या संसारी काळजीमुळेच ते उड्डाण आपल्याला खरे वाटू लागते. आपली आजी अचाट गोष्टी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगत असे आणि कादंबरीसाठी आपण तोच सूर धरला, असे मार्केझ यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला हा सूर फारसा परका वाटू नये, मात्र तिथे भक्तिभाव आहे आणि इथे धुण्याची चिंता, हा फरक मला मोलाचा वाटतो.

प्रतिसाद २ :
प्रतीके बाजूला ठेवली तरी इतिहास बाजूला ठेवता येणार नाही. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातील सिएनागा येथे युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीबागांतील संपकरी मजुरांवर लष्कराने गोळीबार केला. मृतांच्या आकड्याबद्दल आजही एकमत नाही. कादंबरीत तीन हजार प्रेते आगगाडीत भरून समुद्राकडे नेली जातात, त्यांतून जिवंत परतलेला माणूस ते सांगू लागतो, तर गावात काही घडलेच नाही, असे त्याला ऐकवले जाते. कादंबरीतल्या ज्या माकोंदो गावात बाई आकाशात गेल्यावर लोक विश्वास ठेवतात, त्याच माकोंदोत कत्तलीवर कोणी विश्वास ठेवत नाही. माझ्या मते संपूर्ण कादंबरीचे मर्म या विरोधात आहे आणि ते निसटले, तर उरतात त्या केवळ नवलकथा.

प्रतिसाद ३ :
यापुढे हुआन रुल्फो यांची १९५५ सालची ‘पेद्रो पारामो’ घ्यावी. ही मेक्सिकन कादंबरी अगदी छोटी आहे आणि मार्केझ तिला फार मानत असत. बापाच्या शोधात कोमाला गावी आलेल्या मुलाला तिथे जी माणसे भेटतात, त्यांच्याविषयी इथे अधिक सांगणे अन्यायाचे होईल. त्यानंतर क्यूबाच्या आलेहो कार्पेंतिएर यांची हैतीवरील ‘द किंगडम ऑफ धिस वर्ल्ड’ (१९४९) वाचावी. तिच्यात बंडखोर माकांदालला जाळले जाते, तेव्हा मळेवाल्यांच्या दृष्टीने तो मेलेला असतो, तर गुलाम मात्र तो सुटला या खात्रीने हसत घरी परततात, आणि लेखक दोन्ही बाजू तितक्याच गांभीर्याने मांडतो. दोन्ही पुस्तकांच्या प्रस्तावना मात्र शेवटी वाचाव्यात, कारण अशा प्रस्तावनांत कथानक बहुधा आधीच उघड केलेले असते.