दसरा-दिवाळीच्या मधे कोल्हापुरातून एका दिवसात कुठला घाट? झाडांचे रंग बघायचेत

रंकाळावेस
नमस्कार मंडळी. माझी ताई अमेरिकेत शार्लटला असते आणि दरवर्षी ऑक्टोबर आला की तिकडच्या डोंगरातले फोटो पाठवते, सगळी झाडं लाल पिवळी केशरी आणि मधून वळत गेलेला रस्ता, आईबाबा ते फोटो बोटांनी मोठे करून करून बघत बसतात. यंदा मनात आलंय की दसरा झाल्यावर दिवाळीच्या आधी एक दिवस दोघांना गाडीत बसवून आपल्याच सह्याद्रीत फिरवून आणावं. गाडी वॅगन-आर आहे. बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे ट्रेक वगैरे नको, गाडीतून दिसेल आणि जिथं थांबू तिथं चार पावलं चालता येईल एवढंच. आईला वळणांवर गाडी लागते. गगनबावडा, आंबा घाट, राधानगरी-दाजीपूर, आंबोली ही नावं डोक्यात आहेत पण त्या दिवसात नक्की कुठं काय दिसतं ते कळेना. आपल्याकडं पानांना असा रंग येतो का मुळात? आणि पुढच्या वर्षी दोघांना ताईकडं पाठवायचा विचार आहे, तर तिकडचं तिकीट कुठल्या आठवड्याचं काढावं हेही कोणी सांगितलं तर लई उपकार होतील.

घाटमाथा_एमएच०९
भावा पहिलं एक सांगतो, लाल पानं ऑक्टोबरात आपल्याकडं शोधायची नाहीत, त्या टायमाला आपलं जंगल हिरवंगार असतंय. पण म्हणून रंग नसतात असं अजिबात नाही. दसऱ्यानंतर भात पिकायला लागतंय, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी सगळीकडं डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांची शेतं असतात ती पिवळी होतात, काही कापलेली काही उभी, आणि वर पठारावरचं गवत हिरव्यातनं सोनेरी व्हायला लागतंय. मागं काळं कातळ आणि पाऊस संपल्यामुळं धुतलेली हवा. मला विचारशील तर वर्षातला आपल्या भागातला सगळ्यात देखणा पंधरवडा हाच, लोक पावसाळ्यात धबधबे बघायला गर्दी करतात आणि नेमकं हे बघायला कोण जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता रस्ता. गोल मारायचा. कोल्हापूर, हळदी, परिते, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून फोंडा, तिथनं नांदगाव तिठ्ठ्याला हायवेवर, मग तळेरे, वैभववाडी, करूळ घाट चढून गगनबावडा आणि साळवण कळे करत घरी. दोनशेच्या वर किलोमीटर होतात पण सकाळी साडेसहाला निघालं तर निवांत होतंय. बहुतेक जण हा गोल उलटा मारतात, आधी गगनबावडा आणि मग राधानगरी, ते नको. कारण असं की आपल्या घाटांचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी अख्खा कडा सावलीत असतो, काय दिसत नाही, सगळं निळं राखाडी. दुपारी तीननंतर ऊन समोरनं कड्यावर पडतंय आणि तेव्हाच गवताचा रंग पेटतो. म्हणून सकाळचं कोवळं ऊन राधानगरीच्या भातशेतीवर घ्यायचं आणि चार वाजता करूळ चढायचा.

राधानगरीत धरणाजवळ थांबा, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण आहे, त्या दिवसात लक्ष्मी तलाव काठोकाठ असतोय. तिथनं दाजीपूरपर्यंत रस्त्याला पाणी आणि जंगल दोन्ही सोबत करतंय, बाबांना कुठं चालायची गरजच नाही. अभयारण्याच्या आत जायचं असेल तर पावसाळ्यात ते बंद असतंय, उघडलंय का आधी विचारून घ्या.

आईंना पुढच्या सीटवर बसवा, काच थोडी खाली, आलेपाक जवळ असू दे आणि घाटाआधी पोटभर मिसळ खायला घालू नका. जेवण घाट उतरल्यावर, तळेऱ्याच्या अलीकडं पलीकडं, सोलकढी बरोबर.

रानवाटा
रंकाळावेस, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देते, पानांना रंग येतो का. येतो, पण महिना वेगळा. थंड देशात दिवस लहान झाला आणि गारठा पडला की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं कामाचं परत खोडात ओढून घेतं. हिरवं गेलं की पानात आधीपासून असलेला पिवळा केशरी रंग दिसायला लागतो, तो काही नव्यानं येत नाही. लाल मात्र नव्यानं तयार होतो, त्या शेवटच्या दिवसात पानात साखर अडकते त्यातून, म्हणून दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा पण बर्फ नाही असं हवामान मिळालं की त्या वर्षी लाल जास्त.

आपल्या झाडांना थंडीची भीती नाही, पाण्याची आहे. पाऊस ऑक्टोबरात संपला तरी जमिनीत ओल असते, ती आटत जाते तशी पानझडी झाडं जानेवारी ते मार्चमधे पानं टाकतात. म्हणजे आपला हा सीझन शिमग्याच्या आधीचा. त्यातही राधानगरी दाजीपूरचं जंगल बरंचसं सदाहरित, अंजनी जांभूळ वगैरे, ती झाडं एकदम पानं टाकतच नाहीत, त्यामुळे तिथं कधीही गेलात तरी हिरवंच.

पण आपल्याकडचा खरा लाल रंग गळणाऱ्या पानांचा नसून नव्या पालवीचा आहे, हे लोकांना सांगून सांगून मी थकत नाही! कुसुंब बघा फेब्रुवारी-मार्चमधे, अख्खं झाड लालभडक, लांबून वाटतं फुललंय, जवळ गेलं की कळतं सगळी कोवळी पानं आहेत. पिंपळाची पालवी तांबूस, आंब्याची जांभळट तांबडी. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून वाचवायला हा रंग उपयोगी पडतो असं मानलं जातं, पान जून झालं की हिरवं होतं. त्याच सुमाराला पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, बिनपानाच्या फांद्यांवर नुसती फुलं. आजरा-आंबोली रस्ता त्यासाठी राखून ठेवा, मार्चच्या सुरुवातीला.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी जाणार असाल तर फोंडा आणि करूळ दोन्ही घाटांत किंजळ शोधा. त्याची फळं तांबूस असतात आणि इतकी लागतात की झाडाचा वरचा सगळा भाग गंजल्यासारखा लाल दिसतो. गाडीतून सुद्धा ओळखता येतो, आजूबाजूला सगळं हिरवं आणि मधेच एक तांबडं झाड. आईबाबांना फोटोतल्यासारखं काही दाखवायचं असेल तर त्या दिवसात हेच.

पंचगंगा_घाट
फुलांसाठी कासला जा असं कोणीतरी सांगेलच म्हणून आधीच सांगतो, दसऱ्यानंतर उशीर झालेला असतो. कासचा बहर सप्टेंबरचा, फार तर ऑक्टोबरचे पहिले दिवस, शिवाय ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. आपल्या जवळ मसाई पठार आहे, पन्हाळ्याच्या पुढं, तिथंही सोनकी तेरडा सप्टेंबरातच.

आणि एक विनंती, मसाईला किंवा कुठल्याही पठारावर गेलात तर कृपा करून गाडी पठारावर घालू नका. खाली जांभा दगड आणि वर मातीचा अगदी पातळ थर, कुठं कुठं बोटभर पण नाही, त्यात त्या फुलांचं बी पुढच्या पावसाची वाट बघत असतं. एक गाडी गेली की चाकोरी पडते, दुसरा त्याच चाकोरीनं जातो, तिसरा ती चुकवून बाजूनं, आणि दोन-तीन वर्षांत तिथं काही उगवत नाही. रीलसाठी पठारावर गाडी गोल गोल फिरवणारे बघितले की जीव जळतो. तसंच सिगारेट काडी काही टाकू नका, दिवाळीनंतर गवत वाळतं आणि वणवा लागायला तेवढं पुरतं.

घाटमाथा_एमएच०९ यांचा गोल चांगला आहे पण शेवट मला पटला नाही. सूर्यास्त बघून गगनबावड्याहून निघायचं म्हणजे कळ्यापर्यंत अंधार. कारखाने सुरू झाले की त्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागं दोन जोडलेल्या, कित्येकांना मागं रिफ्लेक्टर नाही. वयस्कर माणसं बरोबर आहेत तर साडेपाचला गगनबावडा सोडा.

घाटमाथा_एमएच०९
@पंचगंगा_घाट बरोबर आहे तुमचं, ट्रॉलीचं मी धरलं नव्हतं. मग सकाळी सहालाच निघा आणि करूळ तीनला चढायला घ्या, ऊन तोवर कड्यावर आलेलं असतंय. दाजीपूरचा पट्टा सकाळी होतोय हा अजून एक फायदा, संध्याकाळी तिथं गवे रस्त्यावर येतात. गवा दिसला तर गाडी लांब थांबवायची, हॉर्न नाही, खाली उतरायचं नाही, तो आपला आपण जातोय. आणि निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का बघून घ्या, २०२४ मधे करूळ रुंदीकरणासाठी बंद ठेवला होता तेव्हा कित्येक जण वैभववाडीपर्यंत जाऊन मागं फिरले. बंद असला तर शेजारी भुईबावडा घाट आहे, अरुंद आहे पण माझ्या मते जास्त सुंदर.

कॅरोलायनातला_कोल्हापूरकर
ताई शार्लटला आहे म्हटल्यावर राहवलं नाही, मी पण याच भागात असतो. तिथून ब्लू रिज पार्कवे दोन तासांच्या आसपास. हा ४६९ मैलांचा म्हणजे साधारण ७५५ किलोमीटरचा रस्ता, व्हर्जिनियातून नॉर्थ कॅरोलायनात येतो, टोल नाही, ट्रक नाहीत, वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल, आणि दर थोड्या अंतरावर गाडी लावून दरी बघायला जागा केलेली. बाबांच्या गुडघ्यांना अगदी सोयीचं. १९३५ ला काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा १९८७ ला पूर्ण झाला, तो तुकडा म्हणजे ग्रँडफादर माउंटनच्या कडेनं जाणारा लिन कोव्ह व्हायाडक्ट, डोंगर फोडायला नको म्हणून रस्ताच खांबांवर उचलून बाहेरून वळवलाय. तिथून जाताना मला दरवेळी आपल्या घाटांची आठवण येते, की असा विचार आपल्याकडं रुंदीकरण करताना झाला तर किती झाडं वाचतील.

तिकिटाबद्दल. एकच आठवडा धरू नका, रंग उंचीप्रमाणं वरून खाली उतरत येतो. हा रस्ता कुठं साडेसहाशे फुटांवर आहे तर कुठं सहा हजारांच्या वर, त्यामुळे माथ्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, बून ब्लोइंग रॉकच्या भागात मध्याच्या सुमारास, ॲशव्हिलच्या आसपास तिसऱ्या चौथ्या आठवड्यात आणि पायथ्याला नोव्हेंबर उजाडला तरी मिळतो. आईबाबा ५ ऑक्टोबरला पोचून महिनाभर राहिले तर कुठं ना कुठं नक्की बघायला मिळेल, झाडं बघायला वर जायचं की खाली एवढंच ताईनं ठरवायचं. डॉगवूड, सावरवूड आधी लाल होतात, मग मेपल, ओक सगळ्यात शेवटी.

शनिवार-रविवार टाळा, भयंकर गर्दी. पार्कवेवर पेट्रोल पंप नाही, टाकी आधी भरून घ्या. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात बरेच तुकडे वाहून गेले होते, त्यामुळे नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग चालू आहे ते बघूनच निघायला सांगा. आणि स्वेटर द्या बरोबर, शार्लटला उकडत असलं तरी वर गारठा असतो.

तुमच्या ताईनं न्यू हॅम्पशायरच्या कँकमॅगस हायवेचं नाव काढलं तर तोही सुंदर आहे, ३४ मैल, पण तिकडं रंग आधी येतो, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्य, आणि शार्लटहून विमानानं जावं लागेल. पहिल्या फेरीत नको.

रंकाळावेस
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल वाटलं नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मधल्या वारी राधानगरी-फोंडा-करूळ गोल नक्की केला, सहाला निघणार. रानवाटा ताई, तुमचं कुसुंबाचं वाचून आई म्हणाली की माहेरी आजऱ्याला बांधावर तसं झाड होतं, त्यामुळे मार्चमधली आंबोली पण ठरल्यात जमा. एकच विचारायचं राहिलं, किंजळ करूळमधे खालच्या बाजूला जास्त की वरच्या?

रानवाटा
खालच्या आणि मधल्या टप्प्यात बघा, वैभववाडीकडून चढायला लागलात की दरीच्या बाजूला. चढताना चालवणाऱ्यानं झाडं शोधायची नाहीत, ते काम आईंना द्या, त्या पुढंच बसणार आहेत. फळाला पातळ पंख असतात, खाली पडलेलं एखादं सापडलं तर ओळख पटेल. आजऱ्याचं ते झाड अजून असेल तर मार्चमधे फोटो टाका इथं.