बोक्याचं पी.यू. ऑपरेशन झालंय, थेंब थेंब लघवी होतेय – पुन्हा तुंबलंय का?

ढब्बूची_आई:
आमचा ढब्बू साडेचार वर्षांचा, वजन ५ किलो. सोमवारी त्याचं पी.यू. (पेरिनियल युरेथ्रॉस्टॉमी) ऑपरेशन झालं. लघवीच्या नळीचा पुढचा चिंचोळा भाग काढून शेपटीखाली मोठं तोंड करून दिलंय. आज पाचवा दिवस. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. घरात सासूबाई, मी, नवरा आणि ढब्बू.

आधीचं थोडं सांगते, बोका असलेल्या घरांना उपयोगी पडेल. गौरी-गणपती उठले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो सारखा लिटरच्या (शी-शूसाठी घातलेल्या मातीच्या) टबात जाऊन बसायला लागला. कुंथायचा, ओरडायचा, बाहेर येऊन खाली चाटत राहायचा. आम्हाला वाटलं शी अडकली. जवळच्या दवाखान्यातही पोट न तपासता बद्धकोष्ठाचंच औषध दिलं. संध्याकाळी उलट्या झाल्या आणि तो पलंगाखाली जाऊन पडला. ओढून बाहेर काढला तर खालच्या पोटात लिंबासारखा टणक गोळा हाताला लागला. रात्री दीडला रिक्षा करून वाशीला नेलं. रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके मंद झाले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळपर्यंत राहिला नसता. तो अख्खा दिवस मी त्याला दुधातून तूप पाजत होते, ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

खड्यांनी लघवीची वाट अडली होती. तीन दिवस कॅथेटर (लघवी काढायची नळी) ठेवला. घरी आला, आठव्या दिवशी पुन्हा तुंबलं. परत कॅथेटर. तिसऱ्या वेळी ऑपरेशनच करायचं ठरलं.

आता तो दर अर्ध्या तासाने टबात जातो, चार-पाच थेंब टाकतो, रंग गुलाबीसर. पुन्हा तुंबलंय की टाके चुरचुरतात म्हणून असं होतंय, कसं ओळखायचं? रात्रभर मोबाइलचा टॉर्च लावून मी टबापाशी बसते. जखम चाटू नये म्हणून घातलेली त्याच्या गळ्यातली कॉलर सासूबाईंना बघवत नाही, जेवताना त्या काढतात. जखमेवर हळद लावू या म्हणतात. शिवाय त्याला लहानपणापासून जवळ्याची सवय, दवाखान्यातून दिलेल्या खाण्याला तोंड लावत नाही. काय करू?

नेरुळचे_काका:
ताई, आधी डॉक्टरांना फोन करा, बाकीचं नंतर वाचा. थेंब थेंब होणं ऑपरेशननंतरच्या सुजेमुळेही असू शकतं आणि तुंबल्यामुळेही. मूत्राशय भरलंय की रिकामं, ते डॉक्टरांनीच हाताने बघायला हवं. तुम्ही पोट दाबू नका. उलटी झाली किंवा अंग गार पडलं तर फोनवरही वेळ घालवू नका, थेट घेऊन जा.

वर्तकनगर_सोन्या:
काकांशी सहमत, आधी दाखवून या. आमच्या सोन्याचं हेच ऑपरेशन २०१९ मध्ये झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

टॉर्चपेक्षा किचनमधला वजनकाटा घ्या. टबातलं लिटर एवीतेवी काढायचंच आहे, त्याची माती टाक्यांना चिकटते. त्याजागी वर्तमानपत्राच्या पट्ट्या घाला. घालताना वजन करा, ओल्या झाल्या की पुन्हा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली लघवी. ५ किलोच्या बोक्याची दिवसभरात शंभर ग्रॅमच्या वर भरली तर वाट मोकळी आहे असं समजायला हरकत नाही. मी वहीत तारीख, वेळ, ग्रॅम असं लिहून ठेवायचे. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडली, कारण ‘थोडी झाली’ या शब्दांवरून त्यांना काहीच कळत नाही. आकडा एकदम घसरला, किंवा कुंथूनही पट्ट्या कोरड्याच राहिल्या, तर रात्र असली तरी निघायचं.

कॉलर अजिबात काढू नका, एक मिनिटसुद्धा नाही. मांजराची जीभ म्हणजे किसणी. टाके उसवले आणि ती जागा भरताना आकसली की नवं तोंडच अरुंद होतं, मग सगळं पुन्हा. सासूबाईंची माया समजते. त्यांना सांगा, उथळ बशी कॉलरच्या आत जाईल अशी हातात धरा, तो खातो. सोन्याला माझ्या आईने चौदा दिवस असंच भरवलं.

हळद नको, तेल नको, डेटॉलही नको. खपली ओढायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने बाजूचं हलकेच टिपा. आणि दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जातो.

जवळा बंद. मलाही जड गेलं होतं, सोन्या सुकटीवरच वाढलेला. पण खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ आणि खनिजं भरपूर, ती याला चालणार नाहीत. खडे कसले आहेत ते डॉक्टरांना विचारा. स्ट्रुव्हाइट जातीचे असतील तर ठरावीक आहाराने विरघळू शकतात, ऑक्झलेट जातीचे विरघळत नाहीत. ऑपरेशनने वाट रुंद झाली, मूत्राशयात खडे व्हायचे थांबतीलच असं नाही. म्हणून ते खाणं महत्त्वाचं. तोंड लावत नसेल तर कोमट करून द्या. तरीही दिवसभर उपाशी राहिला तर कळवा, उपाशी मांजराच्या, त्यातही अंगाने भरलेल्याच्या, यकृतात चरबी साठते.

पुढच्या काही महिन्यांचं एक ध्यानात ठेवा. या ऑपरेशननंतर मूत्रमार्गात जंतुसंसर्ग लवकर होतो. लघवीला नेहमीपेक्षा वेगळा घाण वास आला, पुन्हा कुंथायला लागला, तर तपासणी करून घ्या. सोन्याला वर्षभरात दोनदा झाला होता.

ऐरोली_पूर्वा:
गौरी-गणपतीच्या दुसऱ्या दिवशी झालं हे वाचून थांबले. पाहुणे, ढोल, टबाची जागा हलवलेली, यातलं काही होतं का? ताणामुळे बोक्यांचं मूत्राशय सुजतं, आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. आता नवरात्र आलंय, गरब्याचे स्पीकर दहापर्यंत असतात. ढब्बूला सगळ्यात आतल्या बाजूला खिडकी बंद करून ठेवा, टब आणि पाणी तिथेच. पाण्याची भांडी तीन-चार ठेवा, पसरट, खाण्यापासून लांब. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात दोन चमचे कोमट पाणी घालून ढवळून दिलं की नकळत पाणी पोटात जातं. हे मात्र त्याच डॉक्टरांनी सांगितलेल्या पाऊचमध्येच.

ढब्बूची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. काकांचा निरोप वाचला आणि लगेच घेऊन गेले. मूत्राशय मऊ आणि रिकामं आहे! सुजेमुळे त्याला सारखी लागल्यासारखं वाटतंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखण्याचं औषध बदलून दिलं. खडे स्ट्रुव्हाइटचे आहेत. गुलाबी रंग अजून काही दिवस दिसेल, पण रक्ताच्या गाठी दिसल्या तर यायचं.

पूर्वाताई, बरोबर ओळखलंत. घरात वीस माणसं होती आणि टब आम्ही बाथरूममधून उचलून जिन्यात ठेवला होता. तो दोन दिवस तिकडे गेलाच नव्हता. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

काल दिवसभराच्या पट्ट्या ११८ ग्रॅम भरल्या. सासूबाई आता कॉलरला हात लावत नाहीत, बशी धरून बसतात आणि त्याच्याशी बोलत भरवतात. जवळ्याचा डबा त्यांनी स्वतःच शेजारी देऊन टाकला.

आज पहाटे चारला त्यांनी मला हलवून उठवलं. मी घाबरून धावले. ढब्बू टबात नीट बसला होता आणि कागदावर धार पडल्याचा आवाज येत होता, थेंब नाहीत, सलग धार. आम्ही दोघी अंधारात तशाच उभ्या होतो. नंतर वजन केलं, ३६ ग्रॅम.