वर्गात मोबाईल काढायला लावावा का?

महालची फिजिक्सवाली
बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला शिकवते. न्यूटनचा तिसरा नियम सांगून झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मुलांच्या मोबाईलवर मत द्यायला प्रश्न टाकला: वर्धा रोडवर भरलेला ट्रक स्कूटीला धडकला, जास्त बल कोणावर? पडद्यावर मतांच्या पट्ट्या उभ्या राहिल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. बहुतेकांनी 'स्कूटीवर' दाबलं होतं. नियम तर सगळ्यांना तोंडपाठ!

उत्तर न सांगता म्हटलं, शेजाऱ्याला पटवा. पाच मिनिटं नुसता गलका. कधी तोंड न उघडणारी मागच्या बाकावरची मुलगी सांगत होती, "अगं, बल दोघांवर सारखंच. स्कूटी हलकी, म्हणून ती उडते." दुसऱ्यांदा मतं घेतली तेव्हा पारडं फिरलं होतं. हार्वर्ड विद्यापीठातले फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मॅझर १९९१ पासून असंच शिकवत आले. प्रत्येक तासाला असा एक प्रश्न हवाच.

काटोल रोड
मॅडम, तळमळ पोचली, पण मोबाईलला माझा ठाम विरोध. प्रश्न दोन मिनिटांत संपतो, रील तास संपेपर्यंत चालतात. हात वर करायला लावा की!

कुहीचा विद्यार्थी
सर, मी एसटीनं येतो. दुपारपर्यंत डेटा संपतो. आमच्याकडे एकदा अशा पोलवरच हजेरी लावली. वर्गात बसून मी गैरहजर! फार लागलं ते.

महालची फिजिक्सवाली
हजेरी किंवा गुण त्याला जोडणं चूकच. एका बाकावर एक फोन पुरे. पण सर, हात वर करायला सांगितलं की पोरं हुशार मुलाचा हात बघून आपला उचलतात. आणि २०१४ साली अमेरिकेत विज्ञान-गणिताचे २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे ३४ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२.

काटोल रोड
तो फरक मुलांना बोलतं केल्याचा आहे, मोबाईलचा नाही. पुठ्ठ्याची अ-ब-क-ड कार्डं द्या, डोळे मिटून छातीशी धरू द्या. कोणी कोणाचं बघत नाही, डेटाही लागत नाही.

महालची फिजिक्सवाली
माझ्या वर्गात दीडशे मुलं. दीडशे कार्डं नजरेनं मोजून कौल कुठं कळतो? आणि तो कौल डोळ्यांसमोर दिसला, म्हणून तर पोरं भांडायला उठली.

कुहीचा विद्यार्थी
मॅडम, बाकावर एक फोन चालेल. फक्त आधी प्रत्येकाला आपलं उत्तर वहीत लिहू द्या. नाहीतर ज्याचा फोन, तोच बटण दाबतो.