मालवणीला नाकाची वाट हवी

संगणकाकडून बोलणं तयार करताना घसा ते ओठ ही एक नळी धरली की सगळे स्वर निघतात, मग मालवणी बोलीच का अडते, असा प्रश्न पुढे येतो. मला वाटतं, अडतं ते नाकाशी.

पुरुषाची ही नळी साधारण 17 सेंटिमीटरची. एका टोकाला बंद धरली तर 500, 1500, 2500 हर्ट्झ कंप्रतांच्या आसपास घुमते. 1962 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या केली आणि लॉकबॉम यांनी संगणकावर या नळीचे कमीजास्त रुंदीचे तुकडे पाडले. प्रत्येक सांध्यावर ध्वनिलहरीचा काही भाग मागे फिरतो, काही पुढे जातो, एवढाच हिशेब.

पण वेंगुर्ल्याच्या बाजारात 'खंय चललंस?' (कुठे चाललास?) नीट ऐका. 'खंय' म्हणताना टाळूचा मागचा मऊ भाग खाली येतो, नाकाची पोकळी आडवाटेसारखी जोडली जाते आणि काही कंप्रता चक्क गिळून टाकते. ही शाखा नसेल तर नुसतं 'खय' ऐकू येतं, अगदी परक्याच्या तोंडचं. शिवाय टाळू नेमका कधी आणि किती उघडतो, हेही पकडावं लागतं. प्रमाण मराठीत असे स्वर फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे तिची मापं इथे चालायची नाहीत. मालवणी बोलणाऱ्यांच्याच तोंडा-नाकाचे एमआरआय हवेत, आणि तोवर जुन्या माणसांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण तरी सुरू करूया.